गोंदिया प्रांतींचा माल आणि त्याचें नांव

गोंदिया जिल्ह्यांतील तांदूळ, वनोपज आणि प्रेक्षणीय स्थळें यांस एका नांवाखालीं आणून तें नांव दूरदेशीं पोंचवावें, असा विचार हल्लीं सरकारी कचेऱ्यांत, भातगिरण्यांच्या मालकांत व प्रवाशांची सोय पाहणारांत वारंवार बोलला जातो. कोणी 'तलावांचा जिल्हा' हें बिरुद सुचवितो, कोणी 'धानाचें कोठार' म्हणतो, कोणी सारस पक्ष्याचें चित्र पुढें करितो. विषय दिसावयास व्यापाराचा आहे, व तो या त्रैमासिकांत कां आणिला, असा प्रश्न जुन्या दप्तरांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस पडेल. त्याचें उत्तर असें कीं, मालावर घातलेलें स्थळाचें नांव हा एक प्रकारचा लेखच आहे. तो खरा कीं बनावट, कोणीं घातला, कोणाच्या हक्कानें घातला, हे जे प्रश्न आपण ताम्रपटाला विचारतों तेच त्यालाही विचारले पाहिजेत.

आतां तर कायद्यानेंच ते विचारले आहेत. वस्तूंच्या भौगोलिक निर्देशांचा कायदा आपल्याकडे १९९९ सालीं झाला व १५ सप्टेंबर २००३ पासून अमलांत आला. त्याखालीं नोंद मागणाऱ्या उत्पादकांच्या मंडळीस मालाचे गुण सांगून भागत नाहीं. त्या मालाचा त्या भूमीशीं संबंध जुना आहे, हें ऐतिहासिक कागदपत्रांनीं दाखवावें लागतें. बासमती तांदुळाच्या वादांत वारिस शाह या पंजाबी कवीच्या 'हीर' काव्याचा, म्हणजे इ. स. १७६६ च्या सुमारच्या कृतीचा, दाखला पुढें करण्यांत आला. कारण त्यांत त्या तांदुळाचें नांव आलें आहे. कवीच्या एका शब्दाला एवढें मोल कधीं येईल, हें त्या काव्याच्या नकला करणारांच्या स्वप्नींही नसेल. गोंदियाची अडचण अशी कीं, हा जिल्हा भंडारा जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं निराळा झाला. कायदा आणि जिल्हा एकाच वर्षाचीं लेकरें. पंचवीस वर्षांच्या जिल्ह्यानें शतकांचा पुरावा द्यावयाचा, तर तो भंडारा, लांजी, कामठा, नागपूर या दुसऱ्यांच्या नांवांच्या रुमालांत शोधणें प्राप्त आहे.

स्थळावरून वस्तूस नांव देण्याची रीत आपल्या भाषेच्या मुळाशींच आहे. पाणिनीनें तद्धितप्रकरणांत 'तेथें उपजलेला', 'तेथून आलेला', 'तेथें असणारा' अशा निरनिराळ्या अर्थांनीं स्थळवाचक शब्दांस प्रत्यय सांगितले, आणि कापिशी नगरीच्या मद्यासाठीं तर 'कापिशायन' हा शब्द साधण्याकरितां निराळें सूत्र रचलें. सैंधव हा शब्द सिंधु देशच्या घोड्याचा व सिंधु देशच्या मिठाचाही वाचक. जेवतांना धनी सैंधव मागेल तर मीठ द्यावें, प्रवासास निघतांना मागेल तर घोडा आणावा, हें उदाहरण आम्ही कित्येक वर्षें वर्गांत सांगितलें आहे. आपल्या स्वयंपाकघरांतलें शेंदेलोण तें हेंच. केशराला काश्मीरज म्हणतात तेंही याच न्यायानें.

परंतु या विषयावर सर्वांत उपयोगी ग्रंथ म्हणजे कौटिल्याचें अर्थशास्त्र. शामशास्त्र्यांनीं म्हैसूरच्या संग्रहांतील पोथीवरून तें १९०९ सालीं छापून काढलें, तेव्हां विद्वानांचें लक्ष राजनीतीकडे गेलें. वस्त्रांच्या प्रकरणाकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. कोशांत घ्यावयाच्या रत्नांच्या व वस्त्रांच्या परीक्षेंत तेथें वंग, पुंड्र व सुवर्णकुड्य येथील दुकुलें रंगावरून व पोतावरून निराळीं ओळखण्यास सांगितलीं आहेत. उत्तम सुती वस्त्रांच्या देशांत मधुरा, कलिंग, काशी यांच्या पंक्तीस अपरांताचें, म्हणजे आपल्या कोंकणपट्टीचें, नांव आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हीं नांवें विकणाऱ्यानें वाढवून सांगितलेलीं नाहींत. कोशाध्यक्षानें माल हातीं घेऊन, हा वांगक कीं पौंड्रक हें ठरवावयाचें आहे. नांव ही तेथें परीक्षा आहे, डांगोरा नव्हे.

आमच्या वाचकांपैकीं जे कागद हाताळतात त्यांस हें अधिक सांगावयास नको. दौलताबादी कागद कोणता व जुन्नरी कोणता, हें ते उजेडापुढें धरून, बोटानें चाचपून ठरवितात, आणि त्यावरून पत्राचा काळ व खरेखोटेपणा यांविषयीं मत देतात. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याच्या कारागिरांनीं आपल्या मालाचें नांव गाजविण्यासाठीं फलक लाविले नव्हते. चोपण्या, खळ आणि घोंटणी हाच त्यांचा फलक.

आतां गोंदियाकडे वळूं. येथें क्रम उलटा आहे. स्थळावरून वस्तूस नांव न पडतां वस्तूवरून स्थळास नांव पडलें आहे. गोंदिया हें नांव गोंड लोकांवरून आलें असें कोणी म्हणतात, तर रानांतून बाजारीं येणाऱ्या गोंदावरून, म्हणजे डिंकावरून आलें, असें दुसरे म्हणतात. आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. गोंड शब्दांतील डकार मूर्धन्य आहे, गोंदियांतील दकार दंत्य आहे, आणि मराठी, हिंदी व पोवारी या तिन्ही बोलणारे तो दंत्यच उच्चारतात. मराठी माणूस सहसा डिंक म्हणतो. गोंद हा शब्द उत्तरेकडचा व 'इया' हा शेवटही तिकडचाच. त्यावरून मराठी व हिंदी यांच्या शिवेवरील बाजारांत हें नांव पडलें असावें असें अनुमान निघतें. डिंक काढून आणणारे बहुधा गोंडच असत, म्हणून दोन्ही मतांत मोठें वैर नाहीं.

वस्तूवरून गांव हा प्रकार या मुलखांत एकटादुकटा नाहीं. दक्षिणेस गडचिरोली जिल्ह्यांतील वैरागड हा प्राचीन वज्राकर, म्हणजे हिऱ्यांची खाण. रतनपूरच्या कलचुरी जाजल्लदेवाच्या शिलालेखांत (कलचुरी संवत् ८६६, इ. स. १११४) वार्षिक कर देणाऱ्या मंडलांत वैरागर, लांजिका व भाणार हीं नांवें एकत्र येतात. भाणार म्हणजे भंडारा, लांजिका म्हणजे हल्लीं बालाघाट जिल्ह्यांत असलेली लांजी. आजच्या गोंदिया जिल्ह्याची उत्तरेकडील भूमि या दोहोंच्या मध्यें पडते. म्हणजे नऊशें वर्षांपूर्वींही हा मुलूख काय पाठवितो हें दुसऱ्यांच्या दप्तरांत लिहिलें जात होतें, आणि पुढें बहुतेक तसेंच चाललें.

डिंकाचा बाजार आगगाडीनें मोठा केला. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० नंतरच्या दोन-चार वर्षांत या बाजूस आली, १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीनें ती घेतली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं अरुंद मार्ग उत्तरेस जबलपुराकडे व दक्षिणेस चांद्याकडे निघाले. रानांतला माल चारही दिशांस जाऊं लागला. त्यांत मुख्य तेंदूचें पान. छप्पनच्या दुष्काळानंतर, म्हणजे १८९९ नंतर, गुजराथेंतून कांहीं कारखानदार या मध्यप्रांतांत आले व तेंदूच्या पानाचा विडीस होणारा उपयोग त्यांनीं वाढविला, असें या धंद्याचा इतिहास सांगतो. गोंदिया हें विड्यांचें मोठें ठाणें झालें. पुढें गोंदियाचें शिक्षण ज्यांनीं उभें केलें ते मनोहरभाई पटेल (१९०६-१९७०) याच व्यवसायांतले. उन्हाळ्यांत बायकापोरें पहाटे रानांत जातात, सत्तर पानांचा पुडा बांधितात व फडावर आणून मोजून देतात. १९६९ च्या कायद्यानें या पानांचा व्यापार सरकारी नियंत्रणाखालीं आला. परंतु विडीच्या बंडलावर काय असे? कारखानदाराचें नांव, त्याचा छाप, एखादा आंकडा, वाघ, देव, मोटार. पान कोणत्या रानाचें हें बंडल कधींच बोललें नाहीं. १८८९ च्या व्यापारी खुणांच्या कायद्यानें मालावर खोटें स्थळ घालणें हा गुन्हा ठरविला होता. पानाचें खरें स्थळ न घालणें ही मात्र निराळी गोष्ट.

तांदुळाची कथा याहून विचित्र आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांत चिन्नोर, दुबराज, लुचई, हिरानक्की अशा जुन्या जातींचीं नांवें वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडीं आहेत. पण आज दुकानांतून ज्या नांवानें या बाजूचा तांदूळ पुण्या-मुंबईस ओळखतात तें नांव एच्. एम्. टी. हें होय, आणि तें मनगटी घड्याळाच्या कारखान्याचें आहे! चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ च्या सुमारास आपल्या लहानशा शेतांत पटेल-३ या धानांत निराळ्या दिसणाऱ्या कांहीं लोंब्या वेंचल्या, त्यांचें बीं वर्षानुवर्षें निराळें राखून नवी जात सिद्ध केली. त्या काळीं त्या घड्याळांची ऐट होती, म्हणून बाजारानें धानास घड्याळाचें नांव चिकटविलें. दादाजी ३ जून २०१८ रोजीं वारले. त्यांचें, त्यांच्या गांवाचें किंवा नदीचें नांव त्या पोत्यावर आलें नाहीं. ही जात गोंदियाच्या बांध्यांतून पिकते, गोंदियाच्या गिरण्यांत कांडली जाते आणि घड्याळाच्या नांवानें खपते. नामकरणाचा अधिकार पिकविणाराकडे नसून विकणाराकडे असतो, याचें याहून स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. नागपुरी संत्र्याचेंही थोडें असेंच झालें. तीं वरूड-मोर्शीकडे पुष्कळ पिकतात, पण बाजार नागपूरचा म्हणून नांव नागपूरचें, आणि २०१४ सालीं नोंदही त्याच नांवानें झाली.

चिन्नोराची गोष्ट तर आपल्या अभ्यासाचाच विषय आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदुळास २०२१ सालीं नोंद मिळाली. ती योग्यच झाली. पण बालाघाट जिल्हा १८६७ सालीं मंडला, शिवनी व भंडारा यांचे तुकडे जोडून इंग्रजांनीं केला, आणि वैनगंगा व बाघ या नद्यांच्या दोन्ही कांठांचें धान एकाच मातीचें, एकाच पाण्याचें आहे. १९५६ पूर्वीं तर दोन्ही कांठ एकाच राज्यांत होते. जिल्ह्याची शीव कारकुनाच्या लेखणीनें पडते. धानाची शीव पाणी ठरवितें. हा भेद कोर्टांत मांडावयाचा तर १८६७ पूर्वींचे लांजी व कामठा परगण्यांचे कागद लागतील, आणि ते कोणीतरी वाचलेले असावे लागतील.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. आमच्या मतें या जिल्ह्यास सामाईक नांव द्यावयाचेंच तर तें तलावावरूनच द्यावें, व त्यास पुरावाही भरपूर आहे. १९११ च्या ब्रिटानिका कोशांत भंडारा जिल्ह्यांत ३,६४८ तलाव व तळीं असल्याचें सांगून त्यावरून या जिल्ह्यास 'नागपूरचा सरोवरप्रदेश' म्हणतात, असें नमूद आहे. येथेंही 'नागपूरचा' हा शब्द पाहावा. तलाव आमचे, नांव पुन्हां शेजाऱ्याचें! हे तलाव बांधणारे मुख्यतः कोहळी. रसेल व हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातींवरील ग्रंथांत (१९१६) वैनगंगेच्या खोऱ्यांतील मोठ्या तलावांचे कर्ते म्हणून त्यांचा गौरव केला आहे, आणि ते काशीकडून गोंड राजाबरोबर आले ही त्यांची परंपराही दिली आहे. परंपरेस शिलालेखाचें बळ नाहीं, तरी भिंती उभ्या आहेत. नवेगांवचा बांध कोलू पाटील कोहळी यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं घातला असें सांगतात. सात टेकड्यांच्या मधल्या खिंडी मातीनें बुजवून त्यानें पाणी अडविलें, त्या टेकड्यांस सात बहिणी म्हणतात, आणि कर्त्यास पुढें देवपण आलें. इंजिनियराचा देव झालेला आमच्या माहितींत हा एवढाच.

या तलावाची रचना समजल्यावांचून बिरुदाचा अर्थ कळावयाचा नाहीं. उतारावर वरची बोडी, तिच्या खालीं मोठा तलाव, त्याखालीं दुसरा, अशी सांखळी असते. पाळींतील तुडुमांतून पाणी पाटांत येतें, पाटांतून बांधींत उतरतें, एका बांधींतून दुसरींत जातें. कोहळ्यांचा मूळ हेतु ऊंस व धान या दोहोंचा होता. पाणी आटत जातें तशा कांठच्या ओल्या जमिनीवर पाणवनस्पती वाढतात, मासा वाढतो, धीवर त्यावर जगतो, आणि सारस पक्षी तेथें व बांध्यांत घरटें करितो. सारस हा शब्दच 'सरसि भवः' असा आहे. तलावाचा तो सारस. महाराष्ट्रांत हा पक्षी आतां गोंदिया व त्यालगतचा थोडा भाग एवढ्यांतच उरला आहे, तेंही मोजक्या संख्येनें. २०२१ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याच्या रक्षणाचा प्रश्न स्वतः होऊन हातीं घेतला. वैयाकरणाच्या दृष्टीनें पाहतां, सरोवर गेल्यावर तद्धिताचा प्रत्यय कोणास लावणार?

आणि सरोवर जाण्याचें भय खरें आहे. मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्यानें मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून नाहींशी झाली व तलाव सरकारच्या मालकीचे झाले. मालगुजारीचा अन्याय आम्ही जाणतों व तिचा शोक करीत नाहीं. परंतु दर उन्हाळ्यांत गाळ काढावयाचा, पाळीवर माती टाकावयाची, तुडुम दुरुस्त करावयाचें, पाण्याची पाळी लावावयाची, हीं कामें ज्या जुन्या व्यवस्थेंत होत असत ती गेली आणि तिच्या जागीं तितकीच जागरूक दुसरी आली नाहीं. शेंकडों तलाव गाळानें उथळ झाले, कित्येकांत बेशरमीचें रान माजलें. अलीकडे धीवर समाजांतील स्त्रिया-पुरुषांनीं कांहीं तलावांत नांगरट करून जुन्या जातीच्या पाणवनस्पती पुन्हां लाविल्या व मासा वाढविला, ही समाधानाची गोष्ट. पण उथळ तलावाच्या कांठीं 'तलावांचा जिल्हा' असा फलक उभारणें म्हणजे बुजलेल्या विहिरीवर पाणपोईची पाटी लावणें होय.

स्थळदर्शनाविषयीं थोडक्यांत सांगतों. नागझिऱ्याचें अभयारण्य १९७० चें, नवेगांवचें राष्ट्रीय उद्यान १९७५ चें, आणि दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प डिसेंबर २०१३ मध्यें झाला. दरेकशाजवळचा हाजरा धबधबा पावसाळ्यांत लोकांस ओढतो. नागऱ्याच्या शिवालयाकडे मात्र पुराणवस्तुप्रेमी मंडळींनींही पुरेसें लक्ष दिलें नाहीं. कचारगडच्या गुहांविषयीं मात्र सावधपणें लिहिलें पाहिजे. तें गोंड समाजाचें उगमस्थान मानलें जातें व माघी पौर्णिमेस तेथें लांबलांबच्या प्रांतांतून लोक येतात. तें तीर्थ आहे, जाहिरातीचें चित्र नव्हे. तें कोणत्या शब्दांनीं बाहेर सांगावें हें त्या समाजानेंच ठरवावें. नवेगांवची कीर्ति महाराष्ट्रभर झाली ती कोणत्याही पत्रकानें झाली नाहीं. मारुति चितमपल्ली हे वनाधिकारी तेथें राहिले, माधवराव पाटलांसारख्या स्थानिक जाणत्यांकडून पांखरांचीं व झाडांचीं नांवें शिकले, आणि 'नवेगावबांधचे दिवस' लिहिते झाले. २०२५ च्या जूनमध्यें ते वारले. वाचक तें पुस्तक हातीं घेऊन तलाव पाहावयास जात, आणि तेथें लिहिल्याप्रमाणें आहे कीं नाहीं हें ताडून पाहत. कौटिल्याचा कोशाध्यक्ष यापेक्षां निराळें काय करी?

आमच्या संग्राहक वाचकांस यांत करण्याजोगें काम आहे. कोहळी, पोवार व लोधी मालगुजारांच्या जुन्या वाड्यांत वाजिब-उल-अर्जाच्या नकला, बंदोबस्ताचे नकाशे व पाण्याच्या पाळ्यांचे कागद सांपडण्याचा संभव आहे; वाजिब-उल-अर्जांत कोणत्या तलावाचें पाणी कोणास व कोणत्या क्रमानें, हें गांवानिहाय लिहिलेलें असतें, व निस्ताराचे हक्क त्यावरच उभे असतात. ए. जे. लॉरेन्स याचा भंडारा बंदोबस्ताचा १८६७ चा अहवाल छापील असल्यामुळें मिळूं शकेल. त्याच्या मागचे हस्तलिखित ताळेबंद अधिक मोलाचे. भातगिरण्यांच्या जुन्या खतावण्यांत धानाच्या जातींचीं नांवें व कोणत्या गांवचें धान हें लिहिलेलें असेल तर तें पान निराळें ठेवावें. विडीचीं वेष्टणें जमविणारांनीं १९४० च्या ट्रेडमार्क कायद्यापूर्वींचीं व नंतरचीं अशी वांटणी करावी, आणि खालच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत गांवाचें नांव छापलें आहे कीं काय तें भिंगानें पाहावें. कागद विकत घेतांना तो कोणत्या गांवच्या कोणत्या रुमालांतून आला हें पाठीमागें पेन्सिलीनें लिहून ठेवावें. रुमाल सुटून पानें निरनिराळ्या हातीं गेलीं कीं, त्या पानाचेंही तेंच होतें जें तेंदूच्या पानाचें झालें.